दिवसातून तीनदा फिनेल, तरी वास जात नाही – तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

जुलै लागला की या पानाकडे येणाऱ्या प्रश्नांत एकच विषय वर येतो, तो म्हणजे घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या शूचा वास. उन्हाळाभर ज्यांना काही जाणवत नव्हतं त्यांच्याच घरात पहिल्या पावसानंतर सोफ्यामागून, गादीतून, दाराच्या कोपऱ्यातून वास यायला लागतो, मग घरात कुरबुरी सुरू होतात आणि शेवटी सगळं त्या मुक्या जीवावर येऊन ठेपतं. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि फक्त हेच घेतलंय. माझ्याकडे गेली १६ वर्षं मांजरं आहेत, त्याआधी कुत्रा होता, त्यामुळे जे सांगतेय ते स्वतः फरशीवर बसून पुसून शिकलेलं सांगतेय.

प्रश्न (डोंबिवलीहून एक वाचक): ताई, आमच्याकडे दोन मांजरं आहेत, एक भाटी आणि एक ११ महिन्यांचा बोका. हॉलमध्ये सोफ्याच्या मागे भिंतीच्या कोपऱ्यात बोका शू करतो. लादी रोज तीनदा फिनेलने पुसते, धूप लावते, कापूर जाळते, रूम फ्रेशनर पण मारते. दोन दिवस बरं वाटतं, पाऊस झाला की परत तोच वास. घर भाड्याचं आहे, मालक येऊन गेले तर काय म्हणतील ही धास्ती, आणि सासूबाई म्हणतात की मांजरं देऊन टाका. मला ती द्यायची नाहीत. काय करू?

उत्तर: देऊ नका. हा वास जातो, मी जाताना बघितलाय, फक्त तुम्ही आत्ता जे करताय त्याने तो जाणार नाही, आणि फिनेल तर आजच बंद करा, का ते खाली सांगते.

आधी हे समजून घ्या की शू वाळली म्हणजे गेली असं होत नाही. शूमध्ये युरिया असतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात, तो डोळ्याला झोंबणारा वास तो. तो पाण्याने बराचसा निघतो. पण त्यातच युरिक अ‍ॅसिड पण असतं आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्याचे बारीक खडे होऊन ते सांध्यात, भिंतीच्या प्लास्टरमध्ये, लाकडाच्या रेषांत बसून राहतात. हवा कोरडी असली की गप्प असतात, दमट झाली की पुन्हा वास. म्हणून तुम्हाला पावसात जास्त येतोय, मांजर नव्याने करतंय असंच काही नाही. त्यात मांजराच्या शूत फेलिनिन नावाचा एक पदार्थ असतो, तो फुटला की त्यातून गंधकाचा उग्र वास सुटतो, आणि नसबंदीचं ऑपरेशन न केलेल्या बोक्यात तो सगळ्यात जास्त असतो. तुमचा बोका ११ महिन्यांचा आहे, म्हणजे बरोबर त्याच वयात आलाय.

आता फिनेल. एक तर त्याने फक्त वासावर वास चढतो. दुसरं म्हणजे मांजराचं लिव्हर आपल्यासारखं नसतं, फिनॉलच्या जातीची रसायनं शरीराबाहेर टाकायला जी यंत्रणा लागते ती मांजरात फार कमी असते. मांजर ओल्या लादीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि ते सगळं पोटात जातं. काळं फिनेल, पाइनच्या तेलाचं पांढरं फिनेल, आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकं, ही तिन्ही मांजराच्या घरात नकोत. डांबरगोळ्या पण नकोत, बऱ्याच जणी मांजर येऊ नये म्हणून कोपऱ्यात ठेवतात, त्या थेट विषारी आहेत. धूप, कापूर बंद खोलीत मांजराला त्रासदायकच.

मग करायचं काय, तर पहिलं काम म्हणजे जागा नक्की शोधणं. ऑनलाइन यूव्ही टॉर्च मिळते, नोटा तपासायला वापरतात तसली, ती घ्या, रात्री सगळे दिवे घालवून, पडदे ओढून सोफ्यामागे मारा, जिथे शू झालीय तिथे फिक्कट पिवळट-हिरवट चमकेल. मी पहिल्यांदा आमच्या बेडरूममध्ये मारली तेव्हा मला वाटत होतं डाग लादीवर असेल, प्रत्यक्षात लादी स्वच्छ होती आणि स्कर्टिंगच्या (भिंतीच्या बुडाशी लावलेल्या पट्टीच्या) वरच्या काठावरून खाली एक बारीक ओघळ आलेला, तो स्कर्टिंग आणि लादीच्या मधल्या फटीत शिरलेला, आणि तिथून पुढे दोन लाद्यांच्या सांध्यातून हातभर लांब गेलेला. मी सहा महिने चुकीची जागा घासत होते. बोका उभ्या भिंतीवर फवारा मारतो, तेव्हा भिंतपण गुडघ्याच्या उंचीपर्यंत नीट बघा. जिथे चमकेल तिथे खडूने खूण करून ठेवा.

तुमच्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स असतील असं धरून चालते, त्या पाणी शोषत नाहीत, त्यांचा दोष नाही. शोषतं ते मधलं सांध्यातलं सिमेंट. आधी साध्या पाण्याने दोन-तीन वेळा पुसून फिनेलचा अंश काढून टाका, कारण फिनेल राहिलं तर पुढचं औषध कामच करणार नाही. मग पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, म्हणजे शूमधले वासाचे पदार्थ फोडून टाकणारं, बाटलीवर एन्झाइम किंवा बायो-एन्झाइम असं लिहिलेलं असतं, आणि मांजराच्या शूसाठी आहे हे पण वाचून घ्या. ते फवारायचं नाही, ओतायचं. शू जितकी खोल गेली तितकं औषध खोल जायला पाहिजे. वर प्लास्टिकची पिशवी पसरा म्हणजे वाळणार नाही, कारण एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतं. ताजी शू असेल तर १५ मिनिटं पुरतात, तुमच्यासारखा जुना डाग असेल तर रात्रभर ठेवा, सकाळी टिपून घ्या, पंख्याखाली वाळू द्या. गरम पाणी वापरू नका, त्याने एन्झाइम मरतात. पहिल्या वेळी वास उलट वाढल्यासारखा वाटेल, घाबरू नका, आत बसलेलं ओलं होऊन वर येतंय इतकंच. असं दोन-तीन वेळा करावं लागतं. भिंतीच्या रंगात मुरलं असेल तर वाळल्यावर तेवढा पट्टा खरवडून प्रायमर मारून रंगवा, आणि सांधे फारच खराब असतील तर जुनं खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या, ते पाणी पीत नाही. भाड्याच्या घरातही हा खर्च परवडतो, मालकाशी वाद घालण्यापेक्षा कितीतरी बरा.

आणि बोक्याचं ऑपरेशन करून घ्या. हे या सगळ्यात मोठं काम आहे. बहुतेक बोक्यांचं फवारणं त्याने थांबतं, शूचा उग्रपणा उतरतो. जितका उशीर कराल तितकी सवय पक्की होते. घरात वाळूचे ट्रे किती आहेत ते पण बघा, मांजरं दोन तर ट्रे तीन, आणि एकमेकांना चिकटून नाही, वेगवेगळ्या जागी.

एक गोष्ट मात्र विसरू नका. बोका ट्रेमध्ये जाऊन बराच वेळ बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंब-थेंबच येतेय असं कधी दिसलं तर रात्र असली तरी व्हेटकडे पळा. लघवी अडकलेला बोका एक-दोन दिवसात दगावू शकतो.

प्रश्न (सातारा): आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे. कुत्र्याच्या पिल्लाने केलेल्या डागावर व्हिडिओत बघून लिंबू आणि व्हिनेगर लावलं. वास गेला पण तिथे पांढुरका खरखरीत चट्टा पडलाय. हा जाईल का?

उत्तर: हा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं, कारण हेच मी आईच्या घरी केलंय. तिच्या स्वयंपाकघरातली फरशी चाळीस वर्षं रोज पुसून गुळगुळीत झालेली, हात फिरवला तर काचेसारखी, आणि मी मांजराच्या शूवर व्हिनेगर ओतून गेले, परत आले तर बारीक बुडबुडे येत होते. ताटाएवढा चट्टा पडला. आई काही बोलली नाही, तिने त्यावर पाट ठेवला.

शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड, आणि संगमरवर पण त्याच कुळातला. आंबट काहीही लागलं की दगडच विरघळतो, म्हणजे तो डाग नाहीये, तिथली फरशी खाल्ली गेलीय. त्यामुळे पुसून जाणार नाही. फरशी पॉलिश करणारे मशीन घेऊन येतात त्यांना दाखवा, तेवढाच तुकडा घासून देतात, नंतर दगडाचं सीलर लावून घ्या म्हणजे पुढच्या वेळी शू आत मुरायला वेळ लागेल. चुनखडीच्या दगडावर लिंबू, व्हिनेगर, चिंच, टॉयलेटचं अ‍ॅसिड यातलं काहीच नको. एन्झाइमवालं चालतं, पण आधी कोपऱ्यात लावून बघा.

पांढऱ्या संगमरवरावर पिवळा डाग राहिला असेल तर केमिस्टकडे हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, साधारण ६ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घाला, मग खाण्याचा सोडा मिसळून जाडसर लेप करा, डागावर थापा, वर प्लास्टिक टाकून एक दिवस ठेवा आणि लाकडी उलथन्याने अलगद काढा. मिश्रण बाटलीत भरून ठेवू नका, वायू तयार होऊन बाटली फुटते. काळ्या दगडावर हा लेप मुळीच नको, फिका चट्टा पडेल.

प्रश्न (नाशिक): आमच्या लॅब्राडोरला पोट बिघडलं म्हणून हळद घालून दहीभात दिला, तो त्याने क्रीम कलरच्या सोफ्यावर उलटला. मी लगेच कपड्याच्या साबणाने घासलं तर डाग पिवळ्याचा एकदम लाल झाला! कव्हर निघत नाही. काय झालं हे?

उत्तर: काही बिघडलेलं नाही. साबण अल्कलीयुक्त असतो आणि हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, म्हणूनच तर आपलं पारंपरिक कुंकू हळदीपासून होतं. साध्या पाण्याने टिपत राहा, साबण निघाला की पुन्हा पिवळा होईल. उलटीचं जे काही आहे ते आधी चमच्याने खरवडून घ्या, घासायचं नाही, घासलं की ते फोममध्ये जातं. जुना टॉवेल ठेवून त्यावर हाताने नाही तर उभं राहून पायाने दाब द्या, टॉवेल बदलत राहा, कोरडा निघेपर्यंत. मग भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब मगभर थंड पाण्यात, तो फेस फक्त फडक्याने लावायचा, पुन्हा टिपायचं.

हळदीचा जो पिवळेपणा उरेल त्यावर ऊन हे सगळ्यात चांगलं औषध. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. सोफा सरकवून खिडकीत आणा, पावसात ऊन मिळेल तेव्हा मिळेल पण चार-पाच दिवस मिळालं तरी फरक दिसेल. खाण्याचा सोडा मात्र हळद पूर्ण जाईपर्यंत टाकू नका, परत लाल होईल. नंतर वासासाठी रात्रभर भुरभुरून सकाळी व्हॅक्यूमने काढा, कुत्र्याला चाटू देऊ नका.

आणि दहीभाताबद्दल, पोट बिघडलेल्या कुत्र्याला हळद आपल्या मनाने देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

प्रश्न (सावंतवाडी): ओटीवर लाल कोबा आहे. गावातले कुत्रे येऊन खांबाला मुततात. निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तरी येतात.

उत्तर: येणारच, त्या बाटल्यांचा काही उपयोग होत नाही, कितीतरी घरांसमोर बाटलीलाच पाय वर केलेला मी पाहिलाय. एका कुत्र्याने केलं की दुसरा वास घेऊन तिथेच करतो, तेव्हा वास मोडला तरच साखळी तुटते. कोबा म्हणजे सिमेंट, ते शू पितं आणि आंबटाने झिजतं. एन्झाइमचं क्लीनर संध्याकाळी ओतून ठेवा, वाळल्यावर खांबाच्या बुडाशी वीतभर सीलर मारून घ्या. खांबाला अ‍ॅसिड, मिरचीपूड असलं काही लावू नका, त्या जिवांचे पाय आणि नाक भाजतात.

तुमच्या भागात पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो जंतू उंदरांच्या आणि कुत्र्यांच्याही लघवीतून येतो. पायाला भेग किंवा जखम असेल तर अनवाणी ओटी धुवायला जाऊ नका, रबरी हातमोजे आणि गमबूट घाला. घरच्या कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी द्या.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): इथे वॉल टू वॉल कार्पेट आहे, स्टीम क्लीनर भाड्याने आणून फिरवला, वास जास्तच झाला.

उत्तर: वाफेने शूमधली प्रथिनं धाग्यात पक्की बसतात, म्हणून वाफ नको. कार्पेटवर जेवढा डाग दिसतो त्याच्या दुप्पट खाली पॅडमध्ये पसरलेला असतो, तेव्हा एन्झाइम पॅडपर्यंत पोचेल इतकं ओता. तरी नाही गेला तर कोपऱ्यातून कार्पेट उचलून तेवढाच पॅडचा तुकडा कापून बदला, खालच्या लाकडाला वास अडवणारा प्रायमर मारा, आणि कार्पेट परत लावा.

प्रश्न (ठाणे): आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी वास जावा म्हणून बाल्कनीत टॉयलेटचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र टाकतात, त्यांना खोकल्याची ढास लागली. चालतं का हे?

उत्तर: अजिबात नाही, आणि हे वाचताय त्या सगळ्यांनी घरात काम करणाऱ्या प्रत्येकाला आजच्या आज सांगा. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरिन वायू निघतो. नुसतं ब्लीच शूवर ओतलं तरी त्यातल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा वायू होतो, तोही फुप्फुसाला लागतो. बंद बाल्कनी, बाथरूम अशा कोंदट जागेत तर फारच. असं झालं तर सगळं सोडून मोकळ्या हवेत या, कुत्र्या-मांजरालाही बाहेर काढा. मावशींची ढास थांबली नसेल तर त्यांना डॉक्टरकडे तुम्ही घेऊन जा, पैसे तुम्ही द्या, काम तुमच्या घरचं होतं. बाल्कनीसाठी आधी भरपूर पाणी, मग एन्झाइम, एवढंच पुरतं.

प्रश्न (कोल्हापूर): आमचा मोती १३ वर्षांचा आहे. झोपेत शू होते, उठला की ओशाळल्यासारखा बघतो. कापसाची गादी पूर्ण खराब झालीय. घरचे म्हणतात त्याला बाहेर बांधा. मन होत नाही.

उत्तर: बाहेर बांधू नका हो. तेरा वर्षं तो घरात झोपलाय, या पावसात म्हाताऱ्या हाडांना बाहेरचा गारवा सोसणार नाही. झोपेत होते म्हणजे तो करत नाहीये, त्याला कळत नाहीये. आधी व्हेटकडे लघवीची आणि रक्ताची तपासणी करा, किडनी, शुगर, इन्फेक्शन, यातलं काही असू शकतं आणि बऱ्याच वेळा गोळ्यांनी गळणं कमी होतं. पाणी मात्र कमी करू नका, लोक ही चूक करतात, म्हाताऱ्या कुत्र्याला त्याने किडनीचा त्रास वाढतो.

गादी धुवायच्या भानगडीत पडू नका, कापूस आतून वाळत नाही, कुजतो. गादीवाल्याकडे न्या, खोळ उसवून खराब कापूस काढून टाकायला सांगा, उरलेला पिंजून, कडक उन्हात वाळवून नव्या खोळीत भरून देतील. पावसात हे होणार नाही, गणपतीनंतर न्या, तोवर गादी गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि मोतीला वेगळं अंथरूण करा.

त्याचं अंथरूण असं करा: खाली चटई, त्यावर लहान बाळाखाली घालतात ते मेणकापड, त्यावर जुनं सुती लुगडं चौपदरी घडी घालून. अशा तीन घड्या करून ठेवा, एक अंगाखाली, एक धुण्यात, एक दोरीवर. धुताना आधी गार पाण्यात खळबळून घ्या, मग साबण. अंगाला शू लागून राहिली की कातडी लाल होते, म्हणून सकाळी उठल्यावर कोमट पाण्याच्या फडक्याने पोट आणि मांड्या पुसून कोरड्या करा. रात्री झोपायच्या आधी शेवटची फेरी दहाला नेत असाल तर साडेअकराला न्या, आणि पहाटे एकदा उठून न्या. जाताना फरशीवर त्याचा पाय घसरत असेल तर दारापर्यंत जुनी सतरंजी पसरून ठेवा.